मालक शिकायला गेले आहेत

आमच्या लालबागच्या नाक्यावर सामंतकाकांचं औषधाचं दुकान होतं. गणपतीच्या गर्दीतही ते कधी बंद राहिलं नाही. पण मधूनच एखाद्या रविवारी शटर खाली दिसायचं आणि त्यावर पुठ्ठ्याची पाटी लटकायची : 'दुकान बंद आहे. मालक शिकायला गेले आहेत.' नवखं गिऱ्हाईक पाटी दोनदा वाचायचं आणि शेजारच्या पानवाल्याला विचारायचं, "मालक म्हणजे मुलगा का?"

"मुलगा कुठला? लग्नच नाय केलं. तो पांढऱ्या केसांचा म्हातारा असतो ना, तोच," पानवाला चुना लावता लावता म्हणायचा. "सारखा जातो. पास होत नसेल."

काका जायचे ते माटुंग्याच्या एका कॉलेजात. दुकान चालवणाऱ्या फार्मासिस्टांसाठी तिथे अधूनमधून रविवारी उजळणीचे वर्ग भरत. नवी औषधं कोणती आली, कुठलं औषध कशाबरोबर देऊ नये, असं काहीबाही प्राध्यापक मंडळी सांगत. बाकीचे फार्मासिस्ट हजेरी लावायला येत, काका मात्र खरोखर शिकायला येत. साहजिकच ते तिथे फारसे कुणाला आवडत नसत.

त्यांच्या दुकानात औषध घेणं ही एक परीक्षाच होती. काका पुडी बांधत, गोळी कधी, किती, जेवणाआधी की नंतर ते सांगत आणि गिऱ्हाइकाने हात पुढे केला की पुडी मागे घेत. "आता तू माका सांग." सांगितल्याशिवाय पुडी मिळायची नाही. संध्याकाळी गर्दी झाली की दुकानातून बालवाडीसारखा आवाज येई. एकदा म्युनिसिपालिटीच्या शाळेतले एक मास्तर भडकले. "अहो, जन्मभर मी पोरांकडून म्हणून घेतलं, आता तुम्ही माझ्याकडून घेताय? मला कळलं म्हणतोय ना!"

"तुका काय कळला, ता माका कळाक नको?" काका शांतपणे म्हणाले. मास्तरांनी म्हटलं, आणि सकाळ-संध्याकाळची अदलाबदल केली. काकांनी पुन्हा सांगितलं, मास्तरांनी पुन्हा म्हटलं. रांगेतल्या कोळणीने टाळ्या वाजवल्या.

पण काका पहिल्यापासून असे नव्हते. मी शाळेत होते तेव्हा ते भलतेच झटपट होते आणि त्यांना आपल्या एका युक्तीचा फार अभिमान होता. गिरणगावातल्या निम्म्या घरांत घड्याळ नव्हतं, आणि होतं तिथे म्हाताऱ्यांना ते वाचता येत नव्हतं. पण मिलचा भोंगा सगळ्यांना ऐकू यायचा. भोंग्यावर इथे चहा उकळायचा, नळ भरायचे, पोरं शाळेला निघायची. काकांनी त्या भोंग्यावर औषधं बसवली. "सकाळच्या भोंग्याक एक, रातपाळीच्या भोंग्याक एक." झालं. माणसं इतक्या वक्तशीरपणे गोळ्या घेत की डॉक्टरही खूश होते.

माझे बाबा मिलमध्ये कापड विणायचे साचे चालवायचे. त्यांना ब्लडप्रेशर होतं आणि त्यांच्या गोळ्याही अशाच भोंग्याला बांधलेल्या होत्या.

मग संप झाला. गिरण्या बंद आणि भोंगेही बंद. सुरुवातीला सगळ्यांना वाटत होतं, होईल आठवडाभरात काहीतरी. एका संध्याकाळी बाबा मला घेऊन डोकेदुखीची गोळी आणायला दुकानात गेले. काकांनी गोळी देता देता सहज विचारलं, "प्रेशरची गोळी घेतंस मां रे?"

"तुम्ही सांगितलंत तशीच. भोंग्याला."

"भोंगो खंय वाजता?"

"नाही ना वाजत. वाजला की घेतो," बाबा म्हणाले. ते थट्टा करत नव्हते. भोंगा नव्हता म्हणून गोळी नव्हती, इतकी साधी गोष्ट होती ती. काकांचा चेहरा असा उतरला की मी घाबरून बाबांचा शर्ट धरला. त्यांनी बाबांचं मनगट पकडलं आणि तसंच ओढत त्यांना दुकानाच्या माडीवरच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पट्टा बांधून प्रेशर बघितलं आणि बाबांना तिथल्या तिथे बाकावर झोपवलं. आणखी दोन दिवस असेच गेले असते तर हा माणूस उभा राहिला नसता, असं ते नंतर आईला म्हणाले.

काकांनी त्या संध्याकाळी शटर ओढलं आणि ते चाळीचाळींतून फिरले. ज्याला ज्याला भोंग्याची वेळ सांगितली होती, त्याच्या दारात उभं राहून नवी वेळ सांगत, आणि मग म्हणत, "आता तू माका सांग." ते वाक्य तेव्हापासूनचं.

संप काही मिटला नाही आणि बाबांची मिल पुन्हा उघडली नाही. मी बारावी झाले तेव्हा काकांनी बाबांना सांगून माझं नाव फार्मसीच्या डिप्लोमाला घालायला लावलं आणि वर मला दुकानात कामाला घेतलं. पास झाल्याचे पेढे घेऊन गेले तर म्हणाले, "पास झालंस मां? मगे आता शिकूक सुरवात कर." पुढच्याच रविवारी मी त्यांच्याबरोबर माटुंग्याला, पहिल्या बाकावर.

तिथे माझी जी शोभा झाली ती काय सांगू! व्याख्यान संपलं, बटाटेवड्यांचा वास आला, मंडळी उठायला लागली, आणि काका उभे राहिले. "सर, आता मी सांगतंय. बरोबर काय तां बघा." मग त्यांनी अख्खं व्याख्यान परत सांगितलं. मागून कुणीतरी "वडे थंड होतायत हो" असं ओरडलं. सर बिचारे मान डोलवत उभे. बरं, एवढं करून काका स्वतः वडा खायचेच नाहीत. कागदात गुंडाळून पिशवीत टाकायचे आणि तडक निघायचे. "आवस वाट बघता," आई वाट बघतेय, एवढंच म्हणायचे. सगळे त्यांना चिक्कू म्हणत, आणि मीही मनातल्या मनात हसायची.

एका रविवारी ते चष्मा बाकावरच विसरले. तो द्यायला मी शिवडीला त्यांच्या खोलीवर गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. खाटेवर त्यांची आई उशीला टेकून बसली होती. तिचं उजवं अंग लुळं होतं आणि तोंड एका बाजूला ओढलेलं. काका वड्याचं वरचं पीठ सोलून आतली मऊ भाजी तिला बोटाने भरवत होते आणि दुपारचं अख्खं व्याख्यान मालवणीतून समजावत होते. मग त्यांनी तिला गोळी दिली, पाणी पाजलं, तोंड पुसलं. "रातची आणखी एक, जेवल्यार. आता तू माका सांग, आये."

तिचे ओठ हलले, पण शब्द आला नाही. काका थांबले. दुकानात गिऱ्हाइकासाठी थांबायचे तसे, अजिबात घाई न करता. बऱ्याच वेळाने तिने डाव्या हाताचं एक बोट वर केलं.

"बरोबर," काका म्हणाले, आणि मग त्यांना मी दिसले.

चष्मा घेताना ते हळूच बोलले, "ती पण भोंग्याचीच वाट बघीत रवली गो. त्या दिवशी सगळ्यांकडे जाऊन इलंय. घराकडे शेवटाक." ते घरी पोचेपर्यंत तिला अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, आणि त्यानंतर ती कधी बोलली नव्हती. काका त्या संध्याकाळी ज्यांच्यासाठी पहिल्यांदा धावले, ते माझे बाबा होते.

मी वाकून दोघांच्या पाया पडले आणि निघाले.

घरी आले तर बाबा गॅलरीत उभे राहून शेजाऱ्याशी तावातावाने भांडत होते. नेहमी मी त्यांना गप्प करायची. त्या दिवशी भांडण संपेपर्यंत थांबले, आणि मग गोळी आणि पाणी त्यांच्यापुढे धरलं.

"बाबा, कशी घ्यायची? आता मला सांगा."

"रोज घेतो की गं!" ते करवादले. पण काकांचा जुना विद्यार्थी तो. ताठ उभं राहून, अख्ख्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सगळं म्हणून दाखवलं. मी ते शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं.