बेलसरेबाईंचा मोठा चहा

बेलसरेबाईंनी वडे मागवले की समजायचं, आज कॉम्प्युटर साफ होणार.

डोंबिवलीतल्या आमच्या वधू-वर सूचक मंडळात तो एकच कॉम्प्युटर होता. एरवी घोडबंदर रोडवरच्या कंपनीत नोकरी करणाऱ्या बाई दर रविवारी फुकट येऊन तो चालवायच्या. मी बाबांबरोबर जायचो. शालूआत्याचं नाव तिथे घातलेलं होतं, आणि घरात कॉलेजला जाणारा मीच पहिला, म्हणून पडद्यावरचं वाचून दाखवायला मी.

नोंदी तपासताना मशीनला दुसऱ्या कुणी हात लावून चालत नसे. पण स्थळं बघत बसलेल्या आईबापांना "उठा" म्हणणं बाईंना मान्य नव्हतं. "लोक आठवडाभर थांबून येतात. त्यांना उठवायचं नाही. ते आपणहून उठले पाहिजेत."

म्हणून चहा. सगळे गॅलरीत गेले की बाई अंबाड्यातली पेन्सिल काढून दातांत धरायच्या आणि कामाला लागायच्या. साध्या चहात किरकोळ तपासणी: एकच मुलगा दोनदा, जन्माआधी बीकॉम झालेली मुलगी. मोठ्या कामाला वडे, कारण गरम वडा खायला वेळ लागतो. अध्यक्ष कर्णिकांना हा सगळा पाहुणचार वाटायचा.

चहा संपला की आतून हाक यायची, "अहो कुलकर्णी, मुलगा मागच्या वर्षी पाच फूट सहा होता, आता आठ? खायला काय घालता?"

एका रविवारी कर्णिक म्हणाले, "मशीन फार हळू चालतंय. तिशी उलटलेल्या मुलींची नावं काढून टाका. त्यांचं आता काय व्हायचंय?"

बाबांनी मान खाली घातली. आत्या चौतीस वर्षांची होती. कोलशेतच्या कारखान्यात पॅकिंगला जायची. माझी फी तीच भरायची.

"काढणार नाही," बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे नाही. लग्न जमलं की आपण नावावर नुसती फुली मारतो, नाव आतच पडून राहतं. जागा अडवून बसलेत ते लग्न झालेले! त्यांना घालवते. या मुलींना आधी विचारीन. विचारल्याशिवाय मी कुणाला पुसत नाही."

"त्यांच्या वडिलांना विचारा."

"नाव वडिलांचं आहे?"

कर्णिक तापले. "पुढच्या रविवारी मशीन असंच चाललं तर मीच पुसतो. आणि तुमच्याकडची ऑफिसची किल्ली मला परत द्यायची."

त्या आठवड्यात बाई खरंच घरोघर फिरल्या. आमच्याकडे आल्या तेव्हा बाबांनी खुर्ची पुढे केली आणि बोलायला सुरुवात केली. बाईंनी त्यांना हातानेच थांबवलं. "शालूताई, नाव ठेवू की काढू?"

आत्याने चहाचा कप बाईंपुढे ठेवला. मग म्हणाली, "घालताना कुणी विचारलं नव्हतं." आणि पुढे, "राहू द्या. पण दादाने उंची दोन इंच वाढवून सांगितलीय. ती कमी करा."

बाबा पंख्याकडे बघायला लागले.

आत्याने हळूच विचारलं, "तुमचं होतं का हो बाई, नाव कुठे?"

"होतं. ठाण्याला. एकदा चौकशीला गेले तर काढून टाकलेलं. जागा नव्हती म्हणे." बाईंनी पेन्सिल पुन्हा अंबाड्यात खोचली. "चहा छान झालाय."

रविवारी आत्या पहिल्यांदाच आमच्याबरोबर मंडळात आली. वडे नेहमीपेक्षा जास्त होते. कर्णिकांचा दुसरा वडा संपतो न संपतो तोच बाईंनी हाक मारली, "या, बसा."

कर्णिकांनी स्वतः बटणं दाबली. नावं झरझर आली.

"काढलीत ना शेवटी?"

"काढले. सगळे नवरे आणि सगळ्या बायका," बाई म्हणाल्या. "बाकीच्या आहेत. ज्यांनी 'काढा' सांगितलं त्या सोडून."

कर्णिकांनी किल्लीचा विषय काढला नाही. आत्याचं नाव पडद्यावर होतं, दोन इंचांनी बुटकं.

बाईंचा वडा मात्र टेबलाच्या कोपऱ्यावर बशीत तसाच होता. इतके रविवार तो गारच होत आला असणार. मला ते तोवर दिसलं नव्हतं. आत्याने ती बशी उचलली, गॅलरीतून गरम वडा घेऊन आली आणि बाईंच्या खुर्चीमागे उभी राहिली.

"बाई, आता तुम्ही उठा. मशीनला कुणी हात लावणार नाही. मी उभी आहे इथे."