भिकनभाऊंची कोरडी चिंधी

सुरतेत आमच्या भेस्तानच्या गल्लीत कुणाच्या गाडीखाली पांढरं फडकं अंथरलेलं दिसलं तर समजा, भिकनभाऊ कामाला लागलेत. गाडी आली की बॉनेट उघडणार नाहीत, किल्ली मागणार नाहीत. आधी खाली चिंधी अंथरतील, स्टुलावर बसून चहा पितील आणि चाकाला हात लावून अहिराणीत विचारतील, "काय व्हयनं माय तुले?"

त्या चिंध्या माझ्याकडच्या हो. मी घरी साड्यांना फॉल लावते, कपड्यांना अस्तरं शिवते. उरलेले तुकडे भाऊ घेऊन जातात, पण सुतीच. एकदा पॉलिस्टर दिलं तर परत आणून माझ्या मांडीवर ठेवलं. "अक्का, हे पाणी पीत नाही. निर्लज्ज कापड आहे."

तीस वर्षं डाईंग मिलमध्ये पंप आणि पाइप सांभाळले त्यांनी. मिल सुटली, गळतीचं वेड सुटलं नाही. आमच्या घरी चहाला आले आणि नळ ठिबकताना दिसला, की चहा राहिला बाजूला, यांची मान मोरीखाली.

आणि एक नियम. गाडी कुणाची, हे ऐकायचंच नाही. "मालकाचं नाव कळलं की हात थरथरतो, नाहीतर बिल वाढतं. दोन्ही वाईट." हे ते मोठ्या ऐटीत सांगतात.

गेल्या बुधवारी गल्लीत एक परदेशी गाडी शिरली. इतकी लांब की वळताना पानाच्या टपरीवाल्याला आपलं बाकडं उचलावं लागलं. चालवणारे दिनेशभाई घामाघूम. "काका, कूलंट कमी होतंय. दोन मोठ्या वर्कशॉपवाल्यांनी बघितलं, रेडिएटर पण बदलला. तरी काटा वर जातो. रविवारी घरात सीमंत आहे, सातवा चालू आहे भाभींना. कार्यक्रम झाला की याच गाडीतून पियरला, म्हणजे माहेरी, सोडायचंय. रस्त्यात उकळली तर शेठ मला जिवंत ठेवणार नाहीत. आणि ही गाडी ना, कतारगामच्या..."

"नाव नको!" भाऊंनी हात वर केला. "पोटुशी बाई बसणार, एवढं पुरे."

मी दारातच सुई ओवत बसले होते. कतारगाम म्हटल्यावर त्यांचा चेहरा किंचित उतरला, तो मला दिसला. त्यांची मनीषा तिकडेच हिऱ्याच्या कारखानदाराच्या घरात दिलीय. दिली कसली, दोघांनी कोर्टात लग्न केलं. भाऊ रागावले नाहीत, लाजले. "त्यांच्या पांढऱ्या सोफ्यावर मी हे हात कुठं ठेवू?" म्हणाले आणि दोन वर्षं त्या घराची पायरी चढले नाहीत. पोरीचा फोन आला की "गाडीखाली आहे" म्हणून ठेवून देतात. गाडी नसली तरी.

चिंधीवर कूलंटचा गुलाबी डाग पडला तो मागच्या बाजूला. दिनेशभाई म्हणाले, "म्हणजे मागचा पाइप?"

"डाग पडतो तिथं दुखत नसतं. पाणी पत्र्यावरून चालत येतं, मग पडतं." भाऊंनी खालचं कव्हर काढलं. थंड इंजिनात हवेचा दाब भरला. सगळं कोरडं ठाक. "बघा, वर्कशॉपवाल्यांनी एवढंच केलं असणार. थंड असताना ही शहाणी वागते."

मग माझ्याकडून फडकं घेऊन त्याच्या बोटभर पट्ट्या फाडल्या आणि इंजिनाच्या एकेका सांध्याला बांधल्या. टपरीवाला हसला, "भाऊ, गाडीला मलमपट्टी काय?" भाऊंनी लक्षच दिलं नाही. इंजिन तापवलं, बंद केलं, टॉर्च घेऊन आत डोकावले. अकरा पट्ट्या पांढऱ्या. बारावी, पार पुढे खोल दडलेल्या प्लास्टिकच्या सांध्यावरची, गुलाबी.

"सापडली वं माय!" असे ओरडले की माझ्या हातातली सुई पडली.

केसाएवढी भेग होती, तापल्यावरच उघडणारी. गुरुवारी नवा सांधा आणला, नवी रिंग घातली, कूलंट भरून आतली हवा काढली. शुक्रवारी गाडी तासभर फिरवून आणली आणि खाली नवी चिंधी अंथरली. चिंधी कोरडी निघाल्याशिवाय गाडी द्यायची नाही, हाही नियमच. आम्ही तिघं त्या फडक्याकडे बघत बसलो.

कोरडी निघाली. भाऊंनी ती झटकून दिनेशभाईंच्या हातात दिली. "हे घ्या सर्टिफिकेट. सोडा आता भाभींना पियरला. कुठंय पियर?"

दिनेशभाईंनी चिंधीची घडी घातली. मग म्हणाले, "काका, बुधवारपासून तेच सांगतोय, तुम्ही बोलू देत नाही. इथेच. या गल्लीत. मनीषाभाभींनीच गाडी तुमच्याकडे पाठवली. म्हणाल्या, गाडीखाली असले म्हणजे बाबा कुठे पळून जात नाहीत."

भाऊ उठले. नळाखाली बसून साबणानं हात घासत राहिले, लाल होईपर्यंत.

संध्याकाळी माझ्या दाराशी आले. "अक्का, सुती कापड दे. चिंधी नको, कोरं दे. सगळ्यात मऊ असेल ते."

"किती गाड्या आल्या?"

"एकच येतेय, रविवारी." ते कापड हातात घ्यायला गेले, मग हात मागे घेऊन म्हणाले, "तूच काप. लंगोट शिव आठ-दहा. आणि अक्का, ते गळेल. गळू दे."