मोरेश्वररावांमागे पडलेला बासुंदीचा पेच

॥ श्रीगजवदन प्रसन्न, पंगतीची अन्नपूर्णा प्रसन्न ॥

शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी, आमचे तीन मजली राज्यात जे वर्तमान घडले ते जैसे डोळां पाहिले तैसे लिहितो. संवत्सर क्रोधी खरे, परंतु ज्यांचे हे वर्तमान ते राजेश्री मोरेश्वरराव जन्मात कोणावर रागावले नाहीत, आणि कोणी त्यांजवर रागावला तर त्यास हसविल्यावाचून जिना उतरू दिला नाही. राज्याचा विस्तार म्हणावा तर तीन मजले, एक गच्ची आणि पाण्याची एक टाकी. आणि टाकीवरून वरचे व खालचे मजल्यांत युद्ध जुंपले म्हणजे मोरेश्वरराव खासा मध्ये पडोन दोन्ही पक्षांस आपले घरी चहास नेत आणि तह करवीत. घरच्यांवर जीव ऐसा, की कन्या ऋजुता लग्न होऊन दूरदेशी निघाली तेव्हा तिला हसवीत निरोप दिला आणि मग मोरीत नळ सोडून एकटेच रडले, हे शेजारी व जिवलग मित्र दिनकरपंत यांनी भिंतीपलीकडून ऐकिले. रावांची एक शिस्त राज्यात कायम जाहली होती. पंगत कोणाचीही असो, गोडाचे वाढप जाहले की राव उभे राहून पत्नी कुमुदिनीबाई यांचे नाव उखाण्यात घेणार, बाई पदरात तोंड लपवून "पुरे हो आता, लोक काय म्हणतील" म्हणणार, आणि मगच सर्वांनी गोडास हात लावावा. "श्रीखंडाच्या वाटीवर चारोळीचा थर, कुमुदचं नाव घेतो, आणखी वाढणार असाल तर," हा उखाणा तर लेकरांसही पाठ होता.

ऐसे असता एके दुपारी जेवण करून राव पहुडले ते उठलेच नाहीत. राज्यावर आकाश कोसळले. कुमुदिनीबाई रडल्या नाहीत, कोणाशी धड बोलल्या नाहीत, पेजेवर राहिल्या. मग चौदावे दिवशी गोड जेवण नेमले. घरच्यांनी गोड घास घेतला म्हणजे दुःखाचे दिवस सरले ऐसी रीत, आणि बाई म्हणाल्या, "तुम्ही सगळे जेवा. माझ्या पानात गोड वाढू नका." ऋजुतेस त्याच संध्याकाळी विमानाने परत जाणे भाग होते. ती दिनकरपंतांस म्हणाली, "काका, आईला अशी टाकून मी निघू कशी? तिनं एक घास जरी खाल्ला तरी माझा पाय निघेल." पंतांनी "मी बघतो, तू काळजी करू नकोस" ऐसा शब्द दिला, आणि उपाय तर त्यांस काहीच ठाऊक नव्हता.

मग गच्चीवर पाने मांडिली, आणि वरणभाताचा फडशा पडला, आणि भज्यांची धूळधाण जाहली, आणि बासुंदी वाढिली, आणि सारे राज्य हात आवरून बसले. कोणी ठरविले नव्हते, अंगवळणी पडलेली गोष्ट. आचारी परका, तो घाबरून म्हणाला, "मंडळी, दूध आज सकाळचंच आहे. बासुंदी खाली लागली का काय?" तेव्हा मित्राचे राहिलेले काम मित्राने करावे ऐसे मनी धरून दिनकरपंत उठले आणि मोठ्या धैर्याने बोलते जाहले, "श्रीखंडाच्या वाटीवर चारोळीचा थर," आणि तेथेच अडकले. एक तर वाटीत बासुंदी. दुसरे, पुढे नाव यावयाचे ते वहिनींचे, आणि स्वतःची पत्नी शेजारचे पानावर बसलेली. पुढे जाता येईना, मागे सरता येईना, तोंड उघडे ते उघडेच. त्यांची पत्नी शांतपणे म्हणाली, "बसा खाली." ते ऐकून कुमुदिनीबाई हसल्या. आधी ओठांतल्या ओठांत, मग पदर तोंडाशी धरून गदगदून, आणि हसता हसता इतके दिवस अडलेले रडे फुटले, आणि ऋजुतेने त्यांस कवेत घेतले, आणि पंगत तैसीच थांबून राहिली.

मग बाई डोळे पुसून उभ्या राहिल्या. लग्नातले जेवणानंतर त्यांनी पतीचे नाव कधी घेतले नव्हते, "अहो" एवढ्यावर संसार केला. त्या म्हणाल्या,

"बासुंदीला आटीव दूध, दुधाला दाट साय,
मोरेश्वरराव पुढे गेले, सांगून जायचं नाही काय?"

आणि खाली बसल्या. ऋजुतेने आपली वाटी पुढे केली, बाईंनी घास घेतला आणि आचाऱ्यास म्हणाल्या, "छान झालीय. ह्यांनी पुन्हा मागून घेतली असती." मग राज्याने वाट्या उचलल्या.

सारांश, मोरेश्वरराव गेले, राज्य जागचे जागी आहे. बासुंदी थेंबभर उरली नाही, कन्येचे विमान चुकले नाही, आणि दिनकरपंतांस त्यांचे घरी अद्याप माफी मिळालेली नाही. मोरेश्वररावांऐसा मित्र लाभला हे आमचे भाग्य थोर. हे लिहिताना आम्ही पुष्कळ हसलो, आणि मध्ये लेखणी ठेवून उठावे लागले.