पूजेला बसलेली मेमरी

कर्तबगार माणसाला बसायला उसंत नसते, हा एक जुना गैरसमज आहे. आमचा विक्रम सकाळची न्याहारी झाली की बसतो. बसल्या जागेवरून तो विमानातून उडी मारतो, बेटावर उतरतो, परक्याच्या घरात शिरून बंदूक उचलतो आणि दुपारच्या जेवणाच्या आत मरतो. घराला हातभार लावणं म्हणजे नेमकं काय, याची व्याख्या मी अजून पक्की केलेली नाही. पण ती यापेक्षा जरा वेगळी असावी असा माझा संशय आहे.

विक्रम हा माझा मुलगा. लग्न होऊन मुरलेला, डोक्यावर केस कमी आणि कानांवर हेडफोन मोठा. पहिल्यांदा त्यानं खेळातल्या जोडीदाराला "भरम्या, मी पडलोय, उचल रं मला!" अशी आरोळी ठोकली तेव्हा शेजारची नागुबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. बघते तर पडलेला माणूस खुर्चीत व्यवस्थित बसलेला. तिनं ते पाणी आमच्या तुळशीला घातलं आणि गेली. आता ती येत नाही. उद्या विक्रम खरोखर पडला तरी येणार नाही. एवढी एक सोय झाली.

आमचं घर बेळगावच्या वडगावात, विणकराचं. आतल्या खोलीत विजेवरचा माग आणि उरलेल्या जागेत आम्ही. माग दिवसभर इतका खडखडतो की त्याचा आवाज आम्हाला ऐकूच येत नाही; ऐकू येतं ते त्याचं थांबणं. धागा तुटून माग थांबला की आमच्या गल्लीत झोपलेलं माणूससुद्धा उठून बसतं. (हेडफोनवाला सोडून.)

संगणक घरात आला तो साडीच्या काठाची नक्षी काढायला. पडद्यावर बारीक चौकटी भरायच्या, त्यावरून भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं करून आणायची आणि ती मागावर चढवायची, की काठ विणला जातो. हे काम माझी सून दिपाली करते. तिचं माहेर निपाणीकडचं, म्हणून तिनं यंदा तंबाखूच्या पानाचा काठ काढायला घेतला. शहापूरच्या शेठनी अर्धवट नक्षी बघून 'आंब्याचं पान झकास आलंय' असं म्हटलं. आम्ही कुणी त्यांची चूक दुरुस्त केली नाही. व्यापाऱ्याला कुठलं पान दिसावं हा त्याचा प्रश्न. काठ दिवाळीच्या आत मागावर चढला तर लग्नसराईचं सगळं काम आमचं. नाहीतर दुसऱ्या कुणाचं, आणि आमचा माग उन्हाळ्यापर्यंत उभा. शेठ हे हसत हसत बोलले. ते वाईट बातमी नेहमी हसतच देतात.

तर असा हा संगणक पोटापाण्याचा. पण त्यावर विक्रमचा हल्ला मंदावू लागला. शत्रू समोर यायचा, विक्रम बंदूक रोखायचा आणि पडदा जागच्या जागी थिजायचा. मधोमध एक गोल चक्र फिरत राहायचं. आम्ही सीमाभागातली माणसं, थांबायची सवय आम्हाला पिढ्यांची. पण विक्रमला नाही. त्यानं निदान केलं की, मेमरी कमी पडते.

इथं एक गोष्ट नमूद केली पाहिजे. आमच्या गल्लीत मी या विषयाची रीतसर पाहणी केलेली आहे (कट्ट्यावर बसून, शेंगा फोडता फोडता). खेळात हरणाऱ्यांपैकी काही जण यंत्राला दोष देतात, काही नेटला देतात आणि काही बायकोनं मध्येच चहा आणला म्हणून तिला देतात. स्वतःला दोष देणारा एकही आढळला नाही. त्यावरून या खेळात सगळेच तरबेज आहेत, हे सिद्ध होतं.

विक्रमचा अर्ज तोंडी होता. त्याचा बाप गेल्यापासून मंजुरी माझ्याकडे असते.

"आई, मेमरी वाढवली की मशीन पळतंय बघ."

"पळून कुठं जाणार हाय?"

"तसं न्हवं गं! दिपालीची नक्षी बी झरझर हुईल. मी काय माझ्यासाठी मागतोय व्हय?"

"मग तुझ्यासाठी न्हवं?"

"अगं, हे आपल्या धंद्याचं हत्यार हाय! धोट्यासारखं, कात्रीसारखं. तू धोटा मोडका ठेवतीस का?"

धोट्याचं नाव काढलं की मी हरते. धोटा म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन धावणारं लाकूड. विणकराच्या घरात त्याला पाय लागला तर आम्ही पाया पडतो. मी ठराव मंजूर केला आणि त्यातलं 'हत्यार' हे त्याचं म्हणणं जसंच्या तसं ध्यानात ठेवलं. मी शाळेची दुसरी इयत्ता फक्त लांबून पाहिली आहे, त्यामुळे ऐकलेलं विसरायची सोय मला झालेली नाही.

पुढचा पराक्रम लिहून ठेवावा असा आहे. मशीन जुनं, त्याला लागणारी मेमरी जुन्या जातीची. बेळगावात एका दुकानदारानं ते मॉडेल ऐकून नमस्कार केला. दुसऱ्यानं 'अजून चालू आहे?' असं आजारी माणसाबद्दल विचारावं तसं विचारलं. खानापूरला एका ओळखीच्याकडे मिळेल म्हणून विक्रम तिकडे गेला, तिथून त्याला काकतीला पाठवलं, आणि शेवटी ती निपाणीत एका बंद पडलेल्या ऑफिसच्या संगणकातून निघाली. मागाला सूत आणायला चार गल्ल्या पलीकडे जायचं म्हटलं की ज्याची कंबर धरते, तो मुलगा एवढा जिल्हा पालथा घालून आला. ध्येय असलं की माणसाची कंबर सुटते, असं यावरून दिसतं.

मेमरी म्हणजे बोटभर लांब हिरवी पट्टी, एका कडेला सोनेरी दात. विक्रमचा मित्र भरमू यानं जुनी पट्टी काढून ही बसवली. काढलेली वस्तू टाकायची आमच्यात पद्धत नाही. जुनी पट्टी मी बटणांच्या डब्यात ठेवली.

सुधारणा तात्काळ दिसून आली. पूर्वी विक्रमला मरायला सकाळ लागायची, आता तो न्याहारीची ताटं उचलायच्या आत मरतो आणि लगेच पुन्हा जन्म घेतो. मोक्ष तेवढा नाही.

पण सुधारणेचा आणखी एक परिणाम झाला, आणि तो कुठल्याही दुकानदारानं सांगितला नव्हता. पूर्वी मशीन अडलं की विक्रम चिडून उठायचा. उठल्यावर करायला दुसरं काही नसल्यामुळे मागावर जायचा. तेवढ्यात दिपाली मशीन बंद करून चालू करायची आणि बसून आपली पानं भरायची. तास-दीड तास काम व्हायचं. म्हणजे आमचं घर इतकी वर्षं त्या यंत्राच्या मंदपणावर चाललं होतं. आता ते अडेना, म्हणून विक्रम उठेना. विक्रम उठेना म्हणून दिपालीला बसता येईना. धागा तुटून माग थांबायचा, मी चुलीपुढून धावायची, आणि हा कानांवर टोपल्या घालून बेट जिंकायचा.

"आत्ती," दिपाली एके दिवशी भांडी घासता घासता म्हणाली, "अर्धा काठ ऱ्हायलाय. शेठचा माणूस दोनदा येऊन गेला. मी ह्यास्नी सांगून बघितलं, तर म्हणत्यात, 'हा गेम संपू दे.'"

"मग संपला न्हाई?"

"ते मरत्यात की रोज. गेम न्हाई मरत."

खंडेनवमी जवळ आली होती.

खंडेनवमीला आम्ही हत्यारं पूजतो. माग बंद. धोटा, कात्री, पाना, विळा धुऊनपुसून पाटावर मांडायचा, झेंडूची फुलं वाहायची. पूजेला बसलेल्या हत्याराला पूजा उचलेपर्यंत हात लावायचा नाही; आणि पूजा उचलायचा मान घरातल्या थोरल्या बाईचा. विक्रम आंघोळीला गेल्यावर मी भरमूला बोलावलं. तो मला भितो, हा त्याच्यातला एकमेव चांगला गुण.

"मालुआक्का, विक्या मला मारंल!"

"मारू दे. तो उचलंल की तुला परत."

भरमूनं नवी पट्टी काढून जुनी बसवली. मी नवीला धोट्याशेजारी मांडलं, खाली स्वच्छ फडकं घालून. सोनेरी दातांना धक्का न लावता कोरडं कुंकू वाहिलं. हत्याराचा नाश करायचा नसतो, त्याला विश्रांती द्यायची असते.

दसऱ्याला सकाळी मी पूजा उचलली. धोटा उचलला, कात्री उचलली, पाना, विळा उचलला. मेमरी राहिली. नव्या जातीच्या हत्याराची पूजा किती दिवस ठेवावी, याबद्दल शास्त्रात काही सांगितलेलं नाही. अशा वेळी निर्णय घरातल्या वडीलधाऱ्यांकडे जातो. वडीलधारी मी.

विक्रम रोज येऊन पाटासमोर उभा राहू लागला. दारावरून जाताना नागुबाईनं ते बघितलं आणि "पोरगं देवाच्या नादाला लागलं गं!" म्हणून मला भर रस्त्यात शाबासकी दिली. इकडे यंत्र पहिल्यासारखं अडू लागलं, विक्रम पहिल्यासारखा चिडून उठू लागला आणि दिपाली बसू लागली. तिच्या चौकटींना ती जुनी पट्टी आधीही पुरत होती, आताही पुरली. दिवाळीच्या तोंडावर कार्डं मागावर चढली. हिरव्या काठावर जरीचं पान उमटलं, आणि शेठ हसले, पण यावेळी वाईट बातमी नव्हती.

त्या दुपारी विक्रम पुन्हा पाटासमोर येऊन उभा राहिला. "आई, काठ झाला की आता. पूजा कवा उचलतीस? आणि ही एकटी बसवून भागत न्हाई म्हणतोय भरमू, ग्राफिक कार्ड बी बदलाय पायजे..."

वाचणाऱ्यांनी विक्रमला खुशाल हसावं, माझी ना नाही. फक्त हसताना हातातला फोन जरा खाली ठेवावा. तो गरम झालाय, आणि आतल्या खोलीतून कुणीतरी मघापासून हाक मारतंय.

विक्रमला मी काय ते तोंडावर सांगितलं:

"तुला उठवाय तुझा बाप दमला, मी दमले, तुझी बायकू दमली. त्या जुन्या पट्टीनं तेवढं काम केलंय, तर तीच ऱ्हाईल आत. आणि ही नवी हाय तिथं पाटावर बरी हाय. ह्या घरात नुसतं बसून ऱ्हायाला एकालाच जागा हाय रं विक्रम, ती आता हिनं घेतलीया. तू ऊठ. माग थांबलाय."