जावयाची शर्यत, सासऱ्याची पाठ

उपासनीकाकांनी जावयाच्या शर्यतींसाठी अर्धा युरोप पालथा घातला आणि वर्षानुवर्षं एकही शर्यत पाहिली नाही. तिकीट काढायचे, हिरवा मफलर गुंडाळायचे, स्टेडियममध्ये सगळ्यांच्या आधी पोचून पहिल्या रांगेत बसायचे. पण स्टार्टरनं हात वर केला, की उठून ट्रॅककडे पाठ करायचे आणि मागच्या जर्मन मंडळींकडे तोंड करून उभे राहायचे. पाठमोऱ्या काकांना शर्यत सांगण्याचं काम माझं.

आता शंभर मीटरच्या शर्यतीचं वर्णन कसं करायचं, हे कुणीतरी मला सांगा! "निघाले, काका," एवढं म्हणेपर्यंत पोरं पोचून कमरेवर हात ठेवून धापा टाकत असतात. "अगं, मधलं सांग ना, मधलं!" काका ओरडायचे. मधलं काही नसतंच हो!

काका स्टुटगार्टला आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. मूळचे मिरजेचे. उभा जन्म गिअरबॉक्स डिझाइन करण्यात गेला, आता रिटायर. काकू गेल्यापासून एकटेच असतात. जगातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल त्यांची मतं दोनच: "टॉलरन्समध्ये आहे" किंवा "टॉलरन्सच्या बाहेर आहे." माझा चहा टॉलरन्समध्ये, म्हणजे मापात. एस-बान लोकल कायम बाहेर. देव, मुहूर्त, ज्योतिष हे तर इतकं बाहेर, की माझ्या देव्हाऱ्यापुढून जाताना ते "गुटन मॉर्गन" म्हणतात.

मुक्ता ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिनं एमेकाशी लग्न ठरवलं, तेव्हाचा संवाद मी याच कानांनी ऐकलाय.

"मुलगा काय करतो?"

"पळतो, बाबा."

"कुठं?"

"नायजेरियाकडून."

काकांनी काही दिवस कुणाशी शब्द काढला नाही. मग एका सकाळी माझ्या दारात उभे. "अगं, शंभर मीटरला पाठीमागून वारा किती असला तर चालतो?" तेव्हाच ओळखलं, म्हातारा विरघळला.

एमेका एनुगूचा. मातीच्या मैदानावर, थोरल्या भावाचे ढगळ स्पाइक्स घालून पळायला लागला. ज्युनियरांच्या स्पर्धेला युरोपात आला आणि इथल्या एका क्लबानं त्याला ठेवून घेतलं. मग नायजेरियाचा संघ, आफ्रिकेतल्या स्पर्धांमध्ये रिलेचं पदक, जागतिक स्पर्धेत उपांत्य फेरी. हे सगळं मला तोंडपाठ आहे, कारण काका ते कुणालाही, कधीही ऐकवतात. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कुणी म्हणालं, "काल काय जिंकलो आपण!" की काका लगेच पुढे सरकतात, "रिले?" समोरचा बिचारा क्रिकेटबद्दल बोलत असतो. जावयाला मात्र कडक अहोजाहो. "अहो एमेकाराव, मेतकूट-भात घ्या अजून." एमेकाराव पोट धरून म्हणतात, "बास, बाबा, बास."

हॅम्बर्गला तर कहर झाला. स्टेडियममध्ये ट्रॅककडे पाठ करून प्रेक्षकांकडे बघत कोण उभं असतं? सिक्युरिटीवाले. एका बाईनं काकांना टॉयलेट विचारलं. त्यांनी दुसरा जिना, डावीकडे, असं बरोबर सांगितलं. दोन पोरं बिअर आत नेऊ का विचारून गेली. "या, पण ग्लास प्लास्टिकचा," काका म्हणाले. शेवटी खरा सिक्युरिटीवाला शेजारी येऊन उभा राहिला. म्हणाला, "तुझी ड्युटी कधी संपते?" काका म्हणाले, "ही शर्यत झाली की."

पाठ का फिरवता, असं विचारलं की कारणं तयार. डोळ्यांवर ऊन येतं. मान आखडते. एकदा बीपी. मी आपलं म्हणायचे, विक्षिप्त आहे म्हातारा, जाऊ दे.

एमेकाला ते जाऊ देता येत नव्हतं. यंदा त्यानं ठरवलं की रेगेन्सबर्गची शर्यत ही नायजेरियाच्या जर्सीतली शेवटची. त्याच्या आधीच्या रविवारी तो माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला आणि जर्मनमध्ये म्हणाला, "स्टार्टिंग ब्लॉकमध्ये बसण्याआधी मी दर वेळी स्टँडकडे बघतो. बाबांची पाठ दिसते. आमच्याकडे वडीलमाणसानं पाठ फिरवली, तर त्याचा एकच अर्थ होतो. तुमच्याकडे वेगळा आहे का?"

मी चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला.

"मुक्ता म्हणते, स्वभावच तसा आहे. पण मला कळतं, मी अजून त्यांच्या घरचा झालो नाही. एकदा तरी त्यांनी मला पळताना बघावं. बाकी काही नको."

एवढा दणकट गडी, पण कप हातात धरून असा बसला होता, की माझं डोकंच फिरलं. रेगेन्सबर्गच्या गाडीत मी काकांना गाठलं. मुक्ता एमेकाबरोबर आधीच गेली होती.

"काका, आज नाटकं पुरे. आभाळ आलंय, मान सरळ आहे, बीपीची गोळी मी स्वतः दिलीय. त्या पोराला वाटतं, तुम्ही त्याला आपलं मानत नाही. काय ते खरं सांगा, नाहीतर आज मी एक अक्षर सांगणार नाही!"

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. "असं वाटतं त्यांना?" बराच वेळ मफलरशी चाळा करत बसले. मग म्हणाले, "हसणार नाहीस ना?"

"नाही."

"त्यांची पहिली शर्यत मी पाहिली होती. चांगली समोरून. सगळ्यांच्या पुढे होते गं! माझ्या तोंडून निघून गेलं, काय देखणा पळतो पोरगा! आणि पुढच्या क्षणी मांडी धरून खाली. अख्खा सीझन गेला."

"स्नायू दुखावला, काका. होतं तसं."

"मला सांगतेस? डॉक्टरांशी मीच बोललो. पण माझी आई ना, मी नवे कपडे घातले की मान वळवायची. म्हणायची, जो जीव लावून बघतो, त्याचीच दृष्ट आधी लागते." काकांनी आवाज खाली आणला. "बाकीच्या पोरांना बघतो की मी. त्यांना काही होत नाही."

हसणार नाही म्हटलं होतं, पण हसू आलं. आणि त्यापाठोपाठ रडूही आलं, तेव्हा मी खिडकीकडे तोंड केलं.

मैदानावर पोचल्या पोचल्या मी एमेकाला गाठून सगळं सांगितलं. दृष्ट म्हणजे काय, हे समजावावं लागलं नाही. त्याची आजी तसलंच काहीतरी मानायची म्हणे. तो तडक काकांपाशी कठड्याशी आला.

"बाबा, आज बघा."

"अहो एमेकाराव, पायाला काही झालं म्हणजे?"

"शेवटची आहे. पाय गेला तरी चालेल. बघा."

स्टार्टरनं हात वर केला. काका सवयीनं उठले, अर्धे वळले, थांबले, आणि परत ट्रॅककडे तोंड करून त्यांनी कठडा घट्ट धरला. मी तोंड मिटून बसले. एमेका सहावा आला. दोन्ही पाय शाबूत.

"अगं, शेवटी शेवटी डोळे मिटतो तो," काका म्हणाले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. "इतकी वर्षं मला सांगितलं नाहीस?"

मी काय सांगणार? मी आपली कोण पुढे आहे तेवढंच बघत आले होते.

घामानं निथळत एमेका समोर आला. "ये रे, इकडे ये," काका म्हणाले. दोन्ही तळवे त्यांनी त्याच्या तोंडावरून फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. मिरजेच्या म्हाताऱ्या बायका मोडतात तशी, भर स्टेडियममध्ये, सगळ्यांदेखत. मग पुन्हा हात उचलले, पण एमेका पडला सहा फुटी, हात पुरेनात. तेव्हा त्यानं कठड्यावर कोपरं टेकली, मान खाली घातली आणि काकांचं समाधान होईपर्यंत तसाच वाकून उभा राहिला.