निम्मं तुमचं, निम्मं आमचं

हणमंतमामांनी अख्खी वस्तू विकत घेतलेली मी कधी पाहिली नाही. भोपळा निम्मा, नारळ निम्मा, धुण्याच्या साबणाची लांब वडीसुद्धा दोऱ्याने मधोमध कापून निम्मी. पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला हा सहाफुटी, पीळदार मिशांचा माणूस साताऱ्याच्या रविवारच्या बाजारात भोपळा काखेत मारून उभा राहायचा आणि आमच्या गल्लीतलं कुणी दिसलं की कवायतीच्या आवाजात ओरडायचा, "निम्मं तुमचं, निम्मं आमचं! हाय का कबूल?"

नाही म्हणायची सोय नव्हती. भाव त्यांनी आधीच पाडलेला असायचा.

"मावशे, ह्या एका भोपळ्यावर दोन संसार चालायचेत. नीट भाव सांग."

"आवं, मग दोन घ्या की!"

"दोन घेतलं तर चार संसार हुडकाय लागत्याल. तेवढा येळ न्हाई."

मावशी हसायची आणि हसलेल्या माणसाला भाव टिकवता येत नाही, हे मामांना पक्कं ठाऊक होतं.

एका वर्षी त्यांनी आमच्यासोबत भिंतीवरचं कॅलेंडर निम्मं घेतलं. जानेवारी ते जून त्यांच्याकडे, जुलैपासून पुढची पानं आमच्याकडे. त्यामुळे सहा महिने संकष्टी कधी आहे ते बघायला आईला त्यांच्या घरी जावं लागलं. सुतारकाकांबरोबर त्यांनी कोंबडी निम्मी घेतली होती. अंडी एक दिवसाआड वाटून घ्यायची, असा करार. पण तो कोंबडीला कुणी सांगितला नव्हता. ती सुतारांच्या वारी नेमाने अंडं द्यायची आणि मामांच्या वारी नुसतीच कोकलायची. मामा म्हणाले, "वराडती आमच्यासाठी, हे काय कमी हाय?"

या व्यवहाराला एकच अट होती. आपला निम्मा वाटा न्यायला मामांच्या घरी जायचं. स्वतः बाजारातून दोन-दोन पिशव्या वाहून आणणारा माणूस पावशेर शेंगदाणेसुद्धा कुणाच्या दारात नेऊन द्यायचा नाही. "वर या. आन् वयनींस्नी धाडा, तुमी नगं," असं तो पुरुषांना बजावायचा.

वर म्हणजे खरोखरच वर. त्यांची खोली माडीवर होती आणि जिना इतका उभा की दोरीला धरून चढावं लागे. "अर्ध्या भोपळ्यापायी माझे अख्खे गुडघे गेले," असं आई दर रविवारी म्हणायची. माडीवर मामी असायच्या. मूळच्या कवठे महांकाळकडच्या, गोलसर, बोलघेवड्या. त्याच जिन्यावरून पडून त्यांचं मांडीचं हाड मोडलं होतं. ते जुळलं, पण पाय वाकायचा राहिला, आणि तेव्हापासून त्या खाली उतरल्याच नव्हत्या.

मी तेव्हा वीस वर्षांचा होतो. आमच्या घरात धान्याच्या डब्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त होते. मी अक्षरं शिकलो ती 'साठेबाजी' आणि 'धिक्कार' या शब्दांवर. महागाईने कहर केला होता, तेल दुकानाच्या मागच्या दाराने जात होतं आणि पुढच्या दारात बायका रिकाम्या बाटल्या घेऊन उभ्या होत्या. हे मुकाट सोसणं म्हणजे चोराला दिवा धरणं, असं मला तेव्हा वाटे, आजही वाटतं. आम्ही मित्रांनी गल्लीचं ग्राहक भांडार काढायचं ठरवलं. माल घाऊक आणायचा, पुड्या बांधायच्या आणि घरपोच द्यायच्या. अध्यक्ष कोण? हणमंतमामाच! सहकार ज्याच्या रक्तात आहे असा दुसरा माणूस गल्लीत नव्हता.

मारुतीच्या देवळात सभा भरली. मी तावातावाने बोललो. घाऊक खरेदीला मामांनी मान डोलावली, वजनमापालाही डोलावली. 'घरपोच' म्हणताच ते उठून उभे राहिले.

"घरपोच न्हाई."

"का, मामा?"

"लोकं आळशी हुतील."

"अहो, बायकांचे श्रम वाचतील!"

"वाचवून काय करत्याल? कवायत करू द्या."

सभा हसली, मी पेटलो. "मामा, तुम्ही प्रतिगामी आहात!"

"ते काय आसंल ते आसू दे, गड्या. पर घरपोच न्हाई." एवढं बोलून ते चपला घालून निघून गेले. ठराव मंजूर झाला. हात सगळ्यांचे वर होते, आईचासुद्धा.

पुढच्या रविवारी गल्लीत घरोघर पुड्या आणि भाजी पोचली. मामांची पुडी घेऊन मी स्वतः जिना चढलो. राग होताच, पण तत्त्वाच्या लढाईत माणसाची साखर अडवायची नसते.

वर चटई अंथरलेली होती. पानाचं तबक मांडलेलं. मामींनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं, केस चापून बसवले होते. कापलेल्या भोपळ्याच्या दोन फोडी परातीत ठेवून मामा खिडकीतून खाली हाका मारत होते, "आवं सुतारवयनी! निम्मा भोपळा!"

खालून आवाज आला, "आज नको हो भावजी, भाजी आली घरात!"

मामींनी विचारलं, "आज कुणीच येत न्हाई व्हय?"

"येत्यात की. आजून बाजार उठला न्हाई," मामा म्हणाले आणि खिडकीतच उभे राहिले. बाजार केव्हाच उठला होता. मी साखरेची पुडी चटईवर ठेवली. मामींनी मला तिथे बसवून आमच्या घरची, सुतारांची, नव्या सुनांची, सगळ्यांची खुशाली विचारली. मला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

घरी येऊन मी आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "एवढी पत्रकं वाचलीस, पण एक बाई वाचता आली नाही तुला. आणि मीही मेली हात वर करून बसले." मग तिने पदर खोचला. "तुझ्या भांडारात गुळाची अख्खी ढेप आहे ना? ती उचल आणि मामींकडे नेऊन टाक. फोडून वाटून घ्यायची म्हणावं. मी सुतारीणबाईंना घेऊन येते."

ढेप खांद्यावर घेऊन मी चढलो, तेव्हा मामांनी ती उतरवून घेतली. पाठोपाठ आई आली, सुतारकाकू आल्या, आणखी दोघी आल्या. मामा मला घेऊन बाहेर जिन्यावर बसले. "आत बायकांची मीटिंग हाय. आपलं काम न्हाई."

मी 'घरपोच'बद्दल काहीतरी बोलायला लागलो. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"गप रं. ती बोलतीया."

आत मामी गोष्ट सांगत होत्या. अंबाल्याच्या छावणीत असताना एका पहाटे धुक्यात मामांनी साहेब समजून म्हशीला कडक सॅल्यूट ठोकला होता, ती गोष्ट. मामा डोळे मिटून ऐकत होते. मामींच्या एकेका वाक्याबरोबर त्यांचे ओठ हलत होते. मग त्यांनी हळूच एक बोट वर केलं.

"थांब," ते पुटपुटले, "आता म्हस येतीया."

आत हसू फुटलं. सगळ्यांत मोठ्याने मामी हसत होत्या.