दुभाजकापलीकडची लेक

नव्या लायसनवरच्या फोटोत विमलाबाई इतक्या गंभीर दिसत होत्या की झुंबरराव म्हणाले, "लायसन दिलंय का जन्मठेप?"

विमलाबाईंचं लक्षच नव्हतं. त्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेच्याचा डबा गाडीत ठेवत होत्या. चैताली लग्न होऊन मालेगावला गेली त्याला आठ महिने झाले होते. लेकीचं घर अजून त्यांनी पाहिलं नव्हतं. नवऱ्याला, झुंबररावांना, विचारलं की ते म्हणायचे, "बघू." शेवटी त्रेपन्नाव्या वर्षी विमलाबाई नाशिकला पंचवटीतल्या ड्रायव्हिंग क्लासला जाऊन बसल्या.

क्लच जमला, गिअर जमला; पण भिंतीवरच्या तक्त्यातली चिन्हं काही ध्यानात राहीनात. मग त्यांनी आपल्या आईची वाट धरली. आई जात्यावर बसली की सगळं जग ओवीत बसवायची. विमलाबाईंनी पोळ्या लाटता लाटता रस्ता ओवीत बसवला :

अखंड पांढरी रेघ, तिला ओलांडू नये बाई
तुटक तुटक रेघेतून लेकीकडं वाट जाई

रोज दुपारी फोनवर त्या चैतालीला नवी ओवी ऐकवायच्या. चैताली वहीत उतरवून घ्यायची. आईचं मन राखायला लिहिते बिचारी, असं विमलाबाईंना वाटायचं. आज आपण येतोय हे मात्र त्यांनी कळवलं नव्हतं. दार उघडल्यावर लेकीचा चेहरा कसा होतो, ते त्यांना बघायचं होतं.

मोबाइल बंद करून त्यांनी डिकीत टाकला. "वाजला की हात शिवशिवतो. तुमचा कुठाय?"

"घरी, चार्जिंगला."

आग्रा रोडवर त्या चाळिशीच्या वर गेल्या नाहीत. द्राक्षांचे टेम्पो, एसट्या, एकदा तर ट्रॅक्टरसुद्धा त्यांना मागं टाकून गेला. "तो ट्रॅक्टरवाला हसला आपल्याला," झुंबरराव म्हणाले.

"हसू दे. त्याला कुठं लेकीचं तोंड बघायचंय?"

चांदवडच्या अलीकडं दुभाजकापलीकडून एक लाल गाडी अशीच हळूहळू येताना दिसली. आतली बाई दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून, मान डावीकडं कलती करून बसली होती. ती मान विमलाबाईंनी तिच्या लहानपणापासून वेणी घालताना सरळ केली होती.

"अहो, चैताली!"

"आपली? तिला कुठं येते गाडी?"

तेवढ्यात चैतालीनंही पाहिलं. तिचं तोंड उघडंच राहिलं आणि दोन्ही गाड्या एकमेकींना ओलांडून गेल्या. ओव्या नुसत्या वहीत राहिल्या नव्हत्या. आईला न सांगता लेकही गाडी शिकली होती आणि आज माहेरी निघाली होती.

"वळव, वळव! ही बघ फट!" झुंबरराव ओरडले.

दुभाजकातल्या फटीपाशी पाटी होती. विमलाबाईंचे ओठ आपोआप हलले :

गोलामधी तांबडी काट, मागं वळू नको राणी
सरळ जा तू सासरला, पुसून डोळ्यांचं पाणी

"अगं, सगळे वळतायत! ती म्हैससुद्धा वळली!"

"म्हशीला लायसन नाही."

चार किलोमीटर पुढं पुलाखालून रीतसर वळून त्या नाशिककडं निघाल्या. पहिल्यांदाच काटा पन्नासवर गेला. थोड्या वेळानं पलीकडून तीच लाल गाडी आली. चैतालीही रीतसर वळून आईच्या मागं मालेगावकडं निघाली होती. झुंबररावांनी खिडकीतून टॉवेल हलवला. चैतालीनं हात हलवला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर हवेत, हे आईच्याच ओवीत होतं. पण ती रडत होती की हसत होती, हे काही केल्या विमलाबाईंना दिसलं नाही.

आता त्या शहाण्या झाल्या. पार्किंगची निळी पाटी बघून थांबल्या आणि डिकीतून मोबाइल काढला. तो सुरू होताच वाजला.

"आई, मी ढाब्यापाशी थांबलेय. तू हलू नकोस!"

"तूच हलू नकोस!"

ढाबा दुभाजकापलीकडं दिसतच होता; मध्ये पादचारी पूल होता. दोघी दोन्हीकडून चढल्या. आठ महिन्यांची ओढ होती, पण विमलाबाईंचे गुडघे त्रेपन्न वर्षांचे होते. अर्ध्याहून जास्त पूल चैतालीनंच पळत पार केला.

"वाळलीस गं."

"तूच काळवंडलीस. आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीस!"

"तू तरी कुठं सांगितलंस?"

झुंबरराव धापा टाकत डबा घेऊन आले. तिघं पुलावरच जेवायला बसले. खालून ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकसरशी ठेचा थरथरत होता. विमलाबाई विचारत होत्या, ओटा उंच पडतो का, सकाळी ऊन कुठल्या खिडकीतून येतं, तुळस जगली का. चैताली विचारत होती, माझी खोली तशीच आहे ना?

"चल ना आई, माझ्या घरी."

"तू चल ना माझ्याकडं."

चार वाजून गेले. अंधारात गाडी चालवायची नाही, असं दोघींनी आपापल्या मनाशी ठरवलेलं होतं आणि गाड्यांची तोंडं तर आपापल्या घराकडंच होती. डोळे पुसत दोघी दोन्ही जिन्यांनी उतरल्या. मोबाइल बंद होऊन पुन्हा डिकीत गेला.

चार-पाच किलोमीटर विमलाबाई सारख्या आरशात मागचा रस्ता बघत होत्या. मग झुंबररावच खाकरले. "विमल, पुढं पुलाखाली वळायला जागा आहे."

"अंधार पडेल हो."

"पडू दे. ओटा तरी बघू."

विमलाबाईंनी इंडिकेटर दिला, आरशात बघितलं, वळल्या. गाडी मालेगावच्या दिशेला लागली आणि त्यांच्या ओठांवर नवीनच ओवी आली. ती पुरी व्हायच्या आत पलीकडून एक गाडी दिसली. चाळिशीच्या चालीनं, मान डावीकडं कलती करून, चैताली लाल गाडीतून नाशिककडं निघाली होती.

समोर दवाखाना होता आणि हॉर्नवर काट मारलेली पाटी होती. विमलाबाईंनी ती नीट वाचली.

आणि हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. दुभाजकापलीकडूनही तसाच लांबलचक हॉर्न आला.